मनगट मोडल्यावर हाडांची तपासणी करावी का?

अंत्रुजकर
माझी आई 63 वर्षांची आहे. ऐन आषाढात अंगणात तुळशीपाशी शेवाळावरून पाय घसरून ती हातावर पडली आणि उजवे मनगट मोडले. हाड बसवून प्लॅस्टर घातले आहे. शेजारच्या मावशींच्या मते कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या म्हणजे झाले. परंतु ती पायऱ्यांवरून कोसळली नव्हती, उभ्या जागी पडली होती. आणखी काही तपासणी करावी का?

एक डॉक्टर, म्हापसा
अवश्य करावी. पन्नाशीनंतर उभ्या जागी पडून हाड मोडले, तर ते आधीपासूनच ठिसूळ झाले असावे अशी शंका घ्यायची असते. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडाची झीज भरून निघेनाशी होते आणि मनगटाजवळच्या जाळीदार हाडात ती लवकर जाणवते. अब्राहम कोलिस या आयरिश शल्यविशारदाने 1814 साली, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्याही कितीतरी आधी, या फ्रॅक्चरचे वर्णन केले होते. साठीच्या आसपास पडताना हात पुढे टेकला जातो, म्हणून मनगट मोडते. वय वाढल्यावर तो वेळेवर पुढे येत नाही आणि खुबा मोडतो. त्यापूर्वीच डेक्सा तपासणी, म्हणजे हाडांची घनता मोजणारी क्ष-किरण तपासणी, करून घ्या. तिच्यातला टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांच्या तुलनेत घनता किती आहे ते दाखवणारा आकडा) उणे 2.5 किंवा त्याहून खाली असल्यास त्याला ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, म्हणतात. मात्र आकडा थोडा बरा आला, तरी झालेले फ्रॅक्चर लक्षात घेऊनच औषधाचा निर्णय होतो. व्हिटॅमिन डी आणि मूत्रपिंडाचे कार्यही रक्तातून तपासावे. नाचणीची आंबील किंवा काट्यासकट खाल्लेले पेडवे उत्तमच, पण नुसत्या कॅल्शियमने हा आजार आटोक्यात येत नाही.

डिचोलीची सून
माझ्या सासूबाईंना अ‍ॅलेंड्रोनेटची (हाडांची झीज कमी करणारे औषध) 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा दिली जाते. ती सकाळी उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास आडवे व्हायचे नाही, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. पहाटेचा चहा लांबतो, यावरून घरात दर रविवारी कुरबुर होते ती वेगळीच! अंगणातले शेवाळ मात्र आधी घासून काढा.

अंत्रुजकर
आभारी आहे. आई दुखेल या भीतीने बोटेसुद्धा हलवत नाही. प्लॅस्टर निघेपर्यंत तसेच राहू द्यावे का?

एक डॉक्टर, म्हापसा
नको. बोटे, कोपर आणि खांदा आजपासूनच हलवायला सांगा, नाहीतर सांधे आखडतात. त्या हातात अंगठी किंवा बांगडी राहिली असल्यास काढून घ्या. बोटे निळसर पडली, बधिर झाली किंवा प्लॅस्टर आवळू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.