मुलीचा लेख भित्तिपत्रकावरून काढला. चुकलो का?

फळा-खडू
नववीचं भित्तिपत्रक माझ्याकडे आहे. गेल्या महिन्यात एका मुलीने पाऊण पानाचा लेख दिला. प्रार्थनेच्या वेळी मी डोळे मिटत नाही, असा विषय. घरात देव मानत नाहीत, माझं मला अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून सगळे डोळे मिटतात तेव्हा मी पायरीवरच्या मुंग्या बघते, वगैरे. भाषा स्वच्छ. एकच वाक्य बोचरं: डोळे मिटणाऱ्यांतले निम्मे झोपलेले असतात. (खरं आहे. मी समोरच उभा असतो.)

लेख लावला. दुसऱ्या दिवशी दोन पालक आले. हेडसर म्हणाले, "आत्ता काढा, मग बघू." मी काढला. ते 'मग' अजून उगवलेलं नाही. मुलगी एक शब्द बोलली नाही. पुढच्या अंकाला तिने पावसावर कविता दिली, आणि ती कविता मला त्या लेखापेक्षा जास्त झोंबली.

माझं मत असं की काढायला नको होता. प्रार्थना घेते ती शाळा, लेख लिहिते ती मुलगी. एकीने दुसरीसारखंच बोललं पाहिजे हे कुठून आलं? तुमचं काय म्हणणं? हेडसरांना शिव्या नकोत, माणूस चांगला आहे.

निवृत्त हेडमास्तर
शिव्या द्यायच्याच तर मला द्या, मीही काढलाच असता. भित्तिपत्रकाच्या डोक्यावर शाळेचं नाव असतं. पालक भांडायला येतात ते मुलीकडे नाही, माझ्या खोलीत येतात. आणि 'निम्मे झोपलेले' हे मत नव्हे, टोमणा आहे. त्या रांगेत मनापासून हात जोडणारी मुलंही असतात. त्यांनी काय करायचं, उत्तरादाखल दुसरा लेख चिकटवायचा? मग तिसरा? भित्तिपत्रकाचा आखाडा व्हायला आठवडा पुरतो.

काळा कोट
हेडमास्तर, आधी तुमच्या बाजूचं सांगतो. हेझलवूड नावाचा अमेरिकन खटला आहे, १९८८ चा. अल्पवयीन मुलींचं गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरचे लेख होते म्हणून मुख्याध्यापकांनी शाळेच्या वृत्तपत्रातली दोन पानं गाळली. न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी शाळेची बाजू घेतली. शाळेच्या नावाने निघणाऱ्या अंकावर शाळेचा हात चालतो, असा त्याचा अर्थ.

आता दुसरी बाजू, आणि ही आपल्याकडची. केरळमधली तीन भावंडं राष्ट्रगीताला सरळ उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. १९८५ मध्ये शाळेने काढलं. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत घ्यायला लावलं. बोलण्याच्या हक्कात गप्प राहण्याचा हक्कही येतो, हे बिजोय इमॅन्युएल खटल्याचं सार. नाशिकच्या एका शिक्षकाने प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्याची वरची वेतनश्रेणी अडकली होती. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

निवृत्त हेडमास्तर
वकीलसाहेब, ती भावंडं गप्प उभी होती. या मुलीनेही डोळे उघडे ठेवून गप्प उभं राहावं, मी तिला कधीच हटकलं नसतं. गप्प राहणं निराळं आणि ते भिंतीवर डकवणं निराळं.

शेवटचा बाक
म्हणजे वेगळं असायला हरकत नाही, फक्त कोणाला कळता कामा नये. आमच्या वेळीही हेच होतं.

काळा कोट
डकवण्याचंही उदाहरण आहे. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळ्या फिती बांधून आलेल्या मुलांना अमेरिकेतल्या डे मॉइन शहरातल्या शाळांनी घरी पाठवलं, डिसेंबर १९६५. टिंकर खटला म्हणतात तो हाच. निकाल १९६९ मध्ये लागला, ७ विरुद्ध २, मुलांच्या बाजूने. शाळेच्या कामात मोठा व्यत्यय येत असेल तर रोखा, नुसत्या धास्तीने रोखू नका, असं न्यायालय म्हणालं. पण मला त्यातला एक बारकावा जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच शाळांत निवडणुकीचे बिल्ले चालायचे, नाझींशी जोडला गेलेला 'आयर्न क्रॉस' घालून आलेली मुलंही चालायची. बंदी तेवढी काळ्या फितीला. म्हणजे अडचण खुणा मिरवण्याची नव्हती, त्या एका मताची होती.

म्हणून फळा-खडू सरांना विचारतो. 'प्रार्थनेने मला बळ मिळतं' असा लेख आला असता तर काढला असता?

फळा-खडू
आला होता. जूनमध्ये. महिनाभर भिंतीवर होता, हेडसरांनी वर्गात वाचूनही दाखवला. तुम्ही विचारेपर्यंत हे दोन्ही लेख मी शेजारी ठेवून पाहिलेच नव्हते.

निवृत्त हेडमास्तर
त्या लेखात कोणाला झोपलेलं म्हटलं नव्हतं. ते एक वाक्य खोडून लेख ठेवता आला असता, एवढं मान्य.

शेवटचा बाक
ते खोडलं तर उरतात मुंग्या.

दोन मुलींची आई
मी श्रद्धा असलेल्या घरातली. माझी मोठी डोकं झाकून शाळेत जाते. इथे जो तो डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलीची कड घेतोय, घ्या, मीही घेते. पण माझ्या मुलीच्या रुमालाचा विषय निघाला की हीच मंडळी 'गणवेश म्हणजे गणवेश' म्हणतात. तिचा रुमाल कोणाला झोपलेलं म्हणत नाही, कोणाला काही शिकवायलाही जात नाही. मग स्वतःला व्यक्त करणं फक्त नास्तिकांनीच करायचं का?

सरळरेघ
ताई, राग नको. पण लेख वाचून बाजूला सारता येतो, वेशातला फरक रोज सहा तास समोर असतो. गणवेश आला तो गरीब-श्रीमंत, जात, धर्म दाराबाहेर राहावं म्हणून. एकाला सूट दिली की रांग लागते. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांना सरसकट मनाई केली. कोणा एका धर्माचं नाव नाही. मला ते प्रामाणिक वाटतं.

दोन मुलींची आई
सरसकट कसली? सुट्टीचा वार आधीच एकाच्या सोयीचा, प्रार्थना एकाची. रिकामी पाटी असल्यासारखं काय बोलता?

काळा कोट
कर्नाटकच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये हिजाब हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही म्हणून बंदी कायम ठेवली. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. माझ्या मते 'अत्यावश्यक आहे का' हा प्रश्नच चुकीच्या माणसाला विचारला जातो. तो धर्मशास्त्राला विचारतात, मुलगी राहते बाजूला.

दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या शाळेत एका हिंदू तमिळ मुलीच्या नाकातल्या चमकीवरून खटला झाला, २००७ मध्ये निकाल. चमकी धर्माने सक्तीची नाही, हे सगळ्यांनाच मान्य होतं. तरी तिथल्या संविधान न्यायालयाने मुलीच्या बाजूने कौल दिला. तिने ती स्वतः निवडली आहे आणि तिच्या लेखी त्याला अर्थ आहे, एवढं पुरलं. सरळरेघ म्हणतात तीच रांगेची भीती शाळेनेही घातली होती. कॅनडात २००६ मध्ये शीख मुलाच्या कृपाणाचं असंच झालं. बंदी उठली, पण कृपाण म्यानात, कापडात शिवून, कपड्यांच्या आत ठेवायची अट राहिली.

सरळरेघ
चमकी आणि कृपाण एका वाक्यात आणणं वकिलांनाच जमतं.

निवृत्त हेडमास्तर
मला एका गोष्टीचं उत्तर कोणी दिलं नाही. ही मुलं चौदा-पंधराची. घरचं बोलतात की स्वतःचं, कसं ओळखायचं? आमच्यासारख्या अनुदानित शाळेत उपासनेला बसवायचं तर संविधानाच्या २८व्या कलमाप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. मुलाची नव्हे, पालकाची.

काळा कोट
बरोबर, २८(३). 'पालक' हा तिथला शब्द माझाही नावडता आहे. पण भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क करारात मुलाच्या स्वतःच्या विचाराचा आणि श्रद्धेचा हक्क आहे, पालकांनी वाट दाखवायची. आणि ही मुलगी तर 'माझं मला ठरवता आलेलं नाही' असं लिहिते. घरचं पाठ करून आलेलं मूल असं लिहीत नाही.

फळा-खडू
काल तिला स्टाफरूमबाहेर थांबवून विचारलं, लेख परत लावू का. हेडसरांशी बोलतो म्हणालो. ती म्हणाली, "नको सर, आता सगळ्यांना तो तोंडपाठ आहे." मग जाता जाता म्हणाली, "तुम्ही काढलात त्याचं काही नाही. मधल्या सुट्टीत मी बघितलं तर तिथे नुसत्या टाचण्या होत्या. मला वाटलं कोणी फाडला. दोन दिवस मी वर्गातल्या मुलांवर संशय घेत होते."

निवृत्त हेडमास्तर
बोलावून सांगायला हवं होतं. काढण्याबद्दल माझं मत आहे तेच आहे, पण हे मीही कधी केलेलं नाही.