म्हणे, लिस्बनला जाऊन गोवा कळला!

निवृत्त इतिहास शिक्षक, डिचोली

गेल्या आठवड्यात येथे एका पालकांनी लिहिले की, त्यांच्या मुलीच्या उच्च माध्यमिक विद्यालयातील २६ विद्यार्थी दहा दिवस पोर्तुगालला जाऊन आले आणि ‘गोव्याचा इतिहास मुलांना आता खऱ्या अर्थाने समजला’. सहलीला माझी हरकत नाही. ज्याला परवडते त्याने जावे. ते शेवटचे वाक्य मात्र घशाखाली उतरेना, म्हणून सविस्तर लिहितो.

छायाचित्रांत मुले लिस्बनच्या बेलें भागात नदीकाठी, समुद्रशोधांच्या त्या अवाढव्य स्मारकासमोर दोन बोटे उंचावून उभी आहेत. हे स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीने १९६० साली ते पक्के बांधले. म्हणजे इकडे गोमंतकीय माणूस ‘जय हिंद’ म्हटल्याबद्दल मार खात होता, तेव्हा तिकडे गोवा जिंकणाऱ्या आल्बुकेर्कची आकृती दगडात कोरली जात होती. त्याचा पुतळाच पाहायचा होता, तर तो जुन्या गोव्याच्या संग्रहालयात उभा आहे, पणजीहून बसने अर्ध्या तासात पोहोचता येते. बेलेंचाच जेरोनिमुश मठ देखणा आहे, हे मी नाकारत नाही. पण त्याच्या बांधकामाला आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावरच्या करातून, आपल्या मिऱ्यांतून पैसा गेला, हे तेथे कोणी सांगितले का? या २६ जणांपैकी किती जणांनी नाणूसचा किल्ला पाहिला आहे, जेथून दीपाजी राणे यांनी १८५२ साली पोर्तुगिजांविरुद्ध बंड पुकारले? तांबडी सुर्लाला आपली मुले जातात, पण धबधब्यात भिजण्यासाठी. कदंबकालीन देवळाच्या पायऱ्यांवर ती ओले कपडे वाळत घालतात.

त्याच मुलीची आई, फोंडा

सर, आपण छायाचित्रे पाहिलीत, त्यांखालचा मजकूर वाचला नाहीत. चौथ्या दिवशी मुले पेनिशला गेली होती. समुद्रात घुसलेल्या कड्यावरच्या त्या किल्ल्यात सालाझार आपले राजकीय कैदी ठेवत असे आणि गोवा मुक्तिलढ्याचे नेते, चांदरचे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ च्या अटकेनंतर तेथेच नेऊन डांबले होते. माझी मुलगी त्या भिंतीजवळून परत आली ती पुढचे दोन दिवस मोजकेच बोलत होती. मी स्वतः गोव्यातच शिकले. पानिपतच्या तिन्ही लढायांच्या सनावळ्या मला आजही पाठ आहेत, परंतु पेनिश हे नाव वयाच्या ४६ व्या वर्षी मुलीच्या तोंडून प्रथम ऐकले. आमच्या पिढीला आपल्यासारख्याच शिक्षकांनी शिकवले, एवढेच नम्रपणे नमूद करते.

एक वाचक, मडगाव

माझा आक्षेप निराळा आहे. माझा भाचा दुसऱ्या एका विद्यालयाच्या अशाच सहलीत होता. लिस्बनच्या विमानतळावर उतरताच गटातील नऊ मुले युरोपीय नागरिकांच्या रांगेतून झटकन बाहेर पडली. भाचा आणि उरलेले व्हिसावाले दीड तास दुसऱ्या रांगेत उभे होते. एकाच वर्गातील, एकाच वाड्यावरची मुले! घरी आल्यावर भाच्याने मठाबद्दल अवाक्षर काढले नाही, त्याने एवढेच विचारले की, आपल्या आजोबांचा जन्म लिस्बनला का नोंदवला नाही. आमच्या घरात सहलीचे फलित हे.

स्वातंत्र्यसैनिकाचा नातू, पेडणे

मूळ दुखणे हेच आहे आणि ते कोणी बोलत नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे गोवामुक्तीपूर्वी, येथे जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगाल आपल्या नागरिकत्वाचे दार उघडे ठेवतो आणि आपण रांगा लावतो. माझ्या आजोबांनी आग्वादच्या तुरुंगात चौदा महिने काढले. त्यांच्या सख्ख्या भावाचे दोन नातू आज पोर्तुगीज नागरिक आहेत आणि तरीही मुक्तिदिनाला झेंड्याबरोबर छायाचित्र काढून घेतात. याला मी लाचारीच म्हणतो. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल यावा.

माजी ट्रकमालक, सावर्डे

राग आला आहे, म्हणून लिहितो. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा माझे तीन ट्रक अंगणात उभे राहिले आणि बँकेचे हप्ते मात्र चालूच होते. वडिलांचा जन्म १९४८ चा. त्यांच्या जन्माची लिस्बनला नोंद करून घेतली, मग माझी केली आणि पोर्तुगीज पासपोर्टावर इंग्लंडला स्विंडनमध्ये सहा वर्षे गोदामात रात्रपाळी केली. त्या कागदांसाठी मी तीन वेळा लिस्बनला गेलो. तेथील सरकारी कार्यालयाची रांग मी इंचाइंचाने सांगू शकतो, पण आपण ज्या बेलेंवरून भांडत आहात ते एकदाही पाहिलेले नाही. त्या काळात आमचे हप्ते भरायला आपल्या आजोबांचे ताम्रपट पुढे आले नव्हते. लाचारी हा शब्द मागे घ्या.

स्वातंत्र्यसैनिकाचा नातू, पेडणे

आपल्यापुरता मागे घेतो. पण खाणीवरचे सगळेच ट्रकमालक गेले नाहीत. कित्येकांनी येथेच काजू लावले, दुकाने थाटली. शिवाय नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसरे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की आपले संपते, हे आपल्याला ठाऊक होते. पोट भरले, हे कबूल. किंमत काय मोजली, तेही सांगा.

माजी ट्रकमालक, सावर्डे

सांगतो, लपवण्यासारखे त्यात काही नाही. ज्या पंचायतीत माझे काका सरपंच होते तेथे आज मला मत नाही. वडिलोपार्जित भाटाशेजारचा, म्हणजे बागायतीशेजारचा, तुकडा विकायला निघाला, तेव्हा ती शेतजमीन आणि मी परदेशी नागरिक, म्हणून मला तो घेता आला नाही आणि तो दिल्लीच्या माणसाने घेतला. झाले समाधान? आता मुलांच्या सहलीकडे वळा.

एक गृहिणी, काणकोण

येथे दोन लाखांच्या सहलीवर चर्चा चालली आहे. आमच्या शाळेची सहल गेल्या वर्षी उसगाळीमळला कुशावतीकाठची प्रागैतिहासिक कातळचित्रे पाहायला निघाली आणि बस मिळाली नाही म्हणून रद्द झाली. चालू द्या.

निवृत्त इतिहास शिक्षक, डिचोली

विषय पासपोर्टावर गेला, यात माझा दोष नाही. फोंड्याच्या बाईंना उत्तर देणे भाग आहे. पेनिश मला मान्य आहे. मी ३१ वर्षे शिकवले आणि कुन्हांचा तुरुंग एका ओळीत उरकला, कारण पाठ्यपुस्तकातही ती एकच ओळ होती. हे सबब म्हणून समजा, तशी ती आहेच. तरीही विचारतो: कुन्हांचे नाव मुलांना तेथील मार्गदर्शकाने सांगितले, की कोणी येथून सांगून पाठवले होते?

त्याच मुलीची आई, फोंडा

मार्गदर्शकाने सांगितले नाही. तो पोर्तुगीज कम्युनिस्ट कैद्यांबद्दल, त्यांच्या १९६० च्या पलायनाबद्दल तासभर बोलला. कुन्हांचे नाव वर्गातील चांदरच्या एका मुलाने काढले, तेव्हा मार्गदर्शकानेच ते वहीत लिहून घेतले.

निवृत्त इतिहास शिक्षक, डिचोली

म्हणजे गोव्याचा इतिहास चांदरहून पेनिशला गेला, पेनिशहून गोव्याला आला नाही. माझे म्हणणे याहून वेगळे नव्हते.

त्याच मुलीची आई, फोंडा

चांदरचा तो मुलगा पेनिशला गेला नसता, तर वर्गात ते नाव निघालेच नसते, हे मात्र आपण सोयीस्करपणे गाळता. असो. मीही शिक्षक-पालक संघात प्रस्ताव ठेवला आहे: दिवाळीनंतर एक बस कुंकळ्ळीला, १५८३ च्या गावकरांच्या स्मारकापाशी, आणि तेथून असोळण्याला, जेथे पोर्तुगिजांनी त्यांना बोलणी करण्यासाठी बोलावून कापून काढले. माणशी दोनशे रुपये, जेवण आपापले. आपल्यासाठी पुढची जागा राखून ठेवते, सर. ध्वनिवर्धक मात्र मुलांच्या हाती राहील.