मदत हवी आहे: ड्रेन बोल्टचे आटे गेले, हेलिकॉइल की भरीव बुश?

काल घरीच बाइकचं ऑइल बदललं. ड्रेन बोल्ट (इंजिनच्या तळाचा, जुनं ऑइल काढायचा) परत आवळताना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात पाना एकदम हलका पडला आणि बोल्ट नुसताच फिरायला लागला. बाहेर काढून पाहिला तर त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली, अगदी स्प्रिंगसारखी. म्हणजे बोल्ट शाबूत आहे, इंजिनच्या केसिंगचे आटे सोलून निघालेत. फार वाईट वाटलं.

बोल्ट एम १२ (१२ मिमी जाडीचा), पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी आहे. टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा इपॉक्सी लावून गाडी चालवायची नाही, हे नक्की. चालत्या गाडीत बोल्ट निसटला तर इंजिन जाम होईल, शिवाय तेल मागच्या टायरवर येईल. एक साइज मोठे आटे पाडावेत, तर भोवतीची भिंत आधीच बारीक वाटते.

हा बोल्ट दर ऑइल बदलाला उघडतो. अशा जागी हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांसाठी भोकात बसवायची स्प्रिंगसारखी तार, टिकते का, की आतून-बाहेरून आटे असलेला भरीव बुशच बसवावा? बोल्टसोबत तार बाहेर येते असा कोणाचा अनुभव आहे का?

दुसरी धास्ती किसाची, म्हणजे आटे पाडताना निघणारे धातूचे कण इंजिनात जाण्याची. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) खाचांत ग्रीस भरून, दर अर्ध्या फेऱ्याला मागे फिरवून पुसत जाईन. नंतर थोडं स्वस्त ऑइल वरून ओतून धुऊन काढलं तर पुरेल का, की इंजिनखालचा ऑइल चेंबर उघडावाच लागेल?

आणि हाताने टॅप सरळ कसा धरता? तिरका गेला तर वॉशर सपाट बसणार नाही, गळती राहीलच. स्वतः केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा. तोवर गाडी हलवत नाही.