भौतिकशास्त्र आणि पंपाची शोषण उंची
कृषी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राची सूत्रे सिद्ध करून दाखवण्याऐवजी केवळ वापरायला शिकवावीत, या मताशी मी अंशतःच सहमत आहे. पंप नळातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो; समुद्रसपाटीला वातावरणाचा हा दाब पाण्याचा जेमतेम १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरतो, त्यामुळे विहिरीच्या काठावर बसवलेला अपकेंद्री (फिरत्या चक्राने पाणी फेकणारा) पंप, त्याची अश्वशक्ती कितीही असली तरी, त्याहून खोलचे पाणी ओढू शकत नाही; आणि नळातील घर्षण व पाण्याचा बाष्पदाब (पाण्याच्या वाफेचा दाब) विचारात घेता प्रत्यक्षात ही मर्यादा सहा-सात मीटरांवरच येते. उंच पठारावर हवेचा दाब कमी असल्याने ती आणखी घटते, हे तर पाठ केलेल्या सूत्रातून सहसा सुचतच नाही. ज्याने दाबाचे समीकरण स्वतः मांडले आहे, तो विद्यार्थी अधिक ताकदीची मोटर सुचवण्याऐवजी पंपच खाली उतरवायला सांगेल.