मदत हवी आहे: २०१७ ची १२५ सीसी बाईक, ५५ चं अ‍ॅव्हरेज ४५ वर

मंडळी, कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळणारा साधा यांत्रिक भाग) बाईक आहे. वारजे ते हिंजवडी जाऊन-येऊन रोज ३६ किमी, महिन्याला ९००. टाकी फुल टू फुल करून तीनदा मोजलं, ४५ च भरतं. १०४ रुपये लिटरने महिन्याचं पेट्रोल १,७०० वरून २,०८० वर गेलं. खोलीचं भाडं आणि मेस भागवून उरणाऱ्या पगारात हे ३८० रुपये खरंच जाणवतात.

एअर फिल्टर नवा आहे, टायरची हवा पुस्तकाप्रमाणे, चेन २५ मिमी सैल. मेन स्टँडवर मागचं चाक मोकळं फिरतं, म्हणजे ब्रेक धरत नाही. स्पार्क प्लग काढला तर टोक पांढरट. तांबूस असायला हवं होतं. ई२० मध्ये, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये, ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडी घट होणारच, पण १८ टक्के नाही. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो आणि कार्बोरेटर स्वतःहून पेट्रोल वाढवत नाही, म्हणून मिश्रण लीन होतंय, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, असा अंदाज आहे.

कार्बोरेटरचा एअर स्क्रू (हवेचं प्रमाण ठरवणारा) अर्धा फेरा फिरवून भागेल, की मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) एक नंबर मोठा घालावा? जेट वाढवल्यावर अ‍ॅव्हरेज आणखी पडलं का कुणाचं? फ्लोट बाऊलचं (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) रबर, पेट्रोलचा पाईप ई२० ला चालणारे कुठे मिळतात?

पीएमपीएमएलचा (पुण्याची शहर बस) मासिक पास १,५०० आहे, पण रात्रपाळीला बसचा उपयोग नाही. हप्त्यावर इलेक्ट्रिक स्कूटर सुचवू नका, प्लीज. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही.