मदत हवी आहे: काउबॉयवाला चांगला शूटर गेम सुचवा

मित्रहो, काउबॉयच्या काळातला एक फर्स्ट पर्सन शूटर (पात्राच्या डोळ्यांतून बघत गोळ्या झाडायचा गेम) सेलमध्ये घेतला आणि पार निराशा झाली. नाव नाही घेत. वाळवंट, लाकडी गाव, सलून, सगळं दिसायला झकास. पण बंदुकीत जीवच नाही! १८७३ च्या कोल्ट रिव्हॉल्व्हरला दर गोळीआधी अंगठ्याने मागचा घोडा (हॅमर) ओढावा लागायचा आणि बाजूच्या छोट्या झडपेतून एकेक गोळी भरावी लागायची. मजा तर त्या धांदलीतच आहे. इथे मात्र बटण दाबून ठेवलं की मशीनगनसारखी चालते, गोळ्या एका झटक्यात भरतात. शत्रूही पिंपामागे एकाच जागी उभे, डोकं वर काढतात आणि मरतात. गेम बनवणारे असं काहून करतात बाप्पा? हा काळ मला मनापासून आवडतो, म्हणून जास्त लागलं.

आता नेमकं विचारतो. २०१३ चा 'कॉल ऑफ वारेझ: गनस्लिंगर' कोणी खेळलाय का? त्यात समोरासमोरच्या द्वंद्वात हात पिस्तुलाजवळ धरून नजर शत्रूवर ठेवावी लागते म्हणे. ते माउसवर जमतं का? 'रेड डेड रिडेम्प्शन २' मध्येही फर्स्ट पर्सन आहे, पण त्याला १५० जीबी जागा लागते आणि माझं ग्राफिक्स कार्ड जुनं, ४ जीबीचं. नागपूरच्या उन्हात दुपारी सीपीयू आधीच तापतो. बर्डीवर किंवा धरमपेठेत जुनं, पण तपासून दिलेलं कार्ड मिळेल असं भरवशाचं दुकान माहीत असेल तर तेही सांगा.