विषय: खिडकीतली पालेभाजी आणि मुलांचा मधल्या वेळचा खाऊ

नमस्कार मंडळी,
स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज ३-४ तास ऊन येतं. तिथे टोमॅटो जमतील का? शिवाय भिजवलेल्या मुगाला मोड येण्याआधीच वास सुटतो, तो कशामुळे? मुलांना शाळेतून आल्यावर देता येईल असं स्वस्त, न तळलेलं काही सुचवा.
मुग्धा

---

मुग्धा,
टोमॅटोचा नाद सोड. त्याला रोज किमान ६ तास थेट ऊन लागतं, शिवाय एकेका झाडाला वीसेक लिटरची कुंडी. तुझ्या खिडकीत झाड नुसतंच लांबेल, फुलं गळतील आणि मातीचेही पैसे वसूल व्हायचे नाहीत. एवढ्या उन्हात पालेभाजी मात्र येते. बियाणं विकत आणायची गरज नाही, डब्यातल्या मेथ्या आणि धणे चालतात.

धणे जुने असतील तर उगवत नाहीत, म्हणून आधी २० दाणे ओल्या कागदात गुंडाळून १० दिवस ठेव. निम्म्याहून कमी उगवले तर पेरताना दुप्पट घे. धण्याच्या एका दाण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून दाणा दुभंगायचा. पीठ होईल इतका जोर नको.

१०-१२ सेंमी खोल पसरट ट्रे पुरतो, तळाला भोकं हवीतच. ३ भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), १ भाग चाळलेलं कंपोस्ट. नुसत्या कोकोपीटमध्ये पोषण जवळपास नसतं. मग रोपं पिवळी पडतात, माणसं पाणी कमी पडलं समजून आणखी ओततात आणि मुळं कुजतात.

३० × २० सेंमीच्या ट्रेला १ मोठा चमचा मेथ्या, रात्रभर भिजवून. वर अर्धा सेंमी माती. तीनेक दिवसांत उगवतात, साधारण चार आठवड्यांत कापायला येतात. दोन आठवड्यांचीच कोवळी मेथी हवी असेल तर २ चमचे पेर. धणे उगवायला ८-१२ दिवस घेतात, तोवर ट्रे उकरून बघायचा नाही.

रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात ती बुरशीमुळे. दाट पेरणी आणि सतत ओला वरचा थर, ही तिची दोन कारणं. पाणी वरून न घालता ट्रे १५-२० मिनिटं पाण्यात ठेव, मग निथळू दे. वरची २ सेंमी माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. चिलटंही त्यानेच आटोक्यात येतात.

हिवाळ्यात दिवा लावणार असशील तर हिशेब कर. २० वॅटची एलईडी ट्यूब १४ तास म्हणजे दिवसाला ०.२८ युनिट, महिन्याला साडेआठच्या आसपास. एका ट्रेसाठी हे परवडत नाही, एका ट्यूबखाली तीन ट्रे बसवले तर ठीक. ट्यूब रोपांच्या वर १५ सेंमीवर हवी. छताजवळ टांगली तर रोपं उजेडाकडे लांबून लोळतात.
श्रीकांतकाका

---

मुग्धा, मुगाचं मी सांगते.

वास येतो तो तळाशी साचलेल्या पाण्यामुळे. भिजलेल्या मुगाला हवा लागते. पाण्यात बुडाला की तो आंबतो. ८ तास भिजव, पाणी पूर्ण काढ, बरणीच्या तोंडाला पातळ कापड बांधून ती तिरकी उपडी ठेव. सकाळ-संध्याकाळ धुऊन पुन्हा निथळायचं. २०-२५ अंशांत दोन दिवसांत मोड येतात. स्वयंपाकघर गार असेल तर बंद ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून ठेव.

मोड कच्चे देऊ नकोस. ज्या ओलसर उबेत मोड येतात, तिथेच साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात, आणि ते धुऊन जात नाहीत. नीट वाफवून मग लिंबू-मीठ लाव. कच्चे मोड फ्रिजमध्ये, दोन दिवसांत संपव.

कोरड्या खाऊला भाजलेले काबुली चणे. डब्यातल्या शिजवलेल्यांपेक्षा कोरडे घेतलेले बरेच स्वस्त पडतात. पाव किलो चणे १०-१२ तास भिजवून, दाणा दाबला जाईल पण फुटणार नाही इतपतच शिजव. पुढची पायरी सगळे घाईत उरकतात: कापडावर पसरून किमान तासभर वाळव, वर हात फिरवला तर ओल लागता कामा नये. ओले चणे ओव्हनमध्ये भाजत नाहीत, वाफवले जातात. १ मोठा चमचा तेल चोळून, एका थरात, २०० अंशांवर ३५-४५ मिनिटं, मध्ये दोनदा हलवून. तिखट आणि जिरेपूड बाहेर काढल्यावरच, आधी घातलं तर जळून कडू होतं. मग बंद ओव्हनचं दार किंचित उघडं ठेवून आतच गार होऊ दे. गरम असताना झाकण लावलंस तर तासाभरात मऊ पडतील. ओव्हन तापतोच आहे तर दोन ट्रे एकदम भाज.

काकांची मेथी वाटलेल्या मुगाच्या धिरड्यांत घाल. वाटीभर मुगाला मूठभर चिरलेली, त्याहून जास्त घातली तर मुलं कडू म्हणतात.
अनघा

---

काका, अनघाताई, आभार. आणखी दोन शंका. राजम्याला मोड आणून वाफवले तर चालतील? आणि घरात पाकिटातल्या गुलाबीसर बिया पडून आहेत, त्या मोडांसाठी वापरू का?
मुग्धा

---

राजमा नुसता वाफवून चालत नाही. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या-जुलाब होतात, मोड आले तरी ते जात नाही. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळत शिजवायचा. मंद आचेच्या स्लो कुकरमध्ये तर अजिबात नको, तिथे तापमान पुरेसं चढेलच असं नाही.

गुलाबी रंग म्हणजे बियांना बुरशीनाशक चोळलेलं असतं. त्या खायच्या नाहीत, मोडही आणायचे नाहीत. पाकिटावरची सूचना वाचून मातीत पेरता येतील, पण हातमोजे घालून, आणि कोवळी रोपं कापून खायच्या ट्रेमध्ये नकोत.
श्रीकांतकाका